ड्यूकचा २०२१-२२ चा हंगाम आणि कोच के : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम शहर आहे. तिथल्या ड्यूक विद्यापीठाच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला माइक शशेफ्स्की यांनी १९८० ते २०२२ असे ४२ हंगाम शिकवले. त्यांचा शेवटचा हंगाम २०२१-२२ चा. तो आठवला की लोकांना चटकन दोन पराभव आठवतात, दोन्ही शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाकडून झालेले. पण त्या हंगामात ३२ विजयही होते आणि ते मिळवणारी पोरं बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची होती. म्हणून इथे विजयांबद्दलही तितक्याच तपशिलाने लिहिले आहे.

आडनावाचा उच्चार नेमका काय?

शशेफ्स्की, आणि जोर मधल्या 'शेफ'वर. इंग्रजी स्पेलिंग पाहून 'क्रझिझेवस्की' म्हणावेसे वाटते, पण तसे कुणी म्हणत नाही. आडनाव पोलिश आहे. माइक यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९४७ चा, शिकागोतला. वडील लिफ्ट चालवायचे, आई साफसफाईचे काम करायची. पोलिश नावामुळे काम मिळायला अडचण येते म्हणून वडील 'क्रॉस' हे नाव लावत. पुढे त्याच अवघड आडनावाने विद्यार्थ्यांनी स्टेडियमसमोरच्या हिरवळीला नाव दिले. खेळाडू आणि प्रेक्षक मात्र सरळ 'कोच के' म्हणतात.

ते ड्यूकला आले कुठून?

लष्करातून. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ते बॉब नाइट यांच्या हाताखाली पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ चालवणारा) म्हणून खेळले आणि १९६९ ला पदवीधर झाले. त्यानंतर पाच वर्षे लष्करात अधिकारी होते. १९७४-७५ चा एक हंगाम इंडियानात नाइट यांचे सहायक, मग १९७५ ते १९८० वेस्ट पॉइंटच्याच आर्मी संघाचे मुख्य कोच. तिथे ७३ विजय, ५९ पराभव. मार्च १९८० मध्ये ड्यूकने त्यांना घेतले तेव्हा वय ३३, आणि आधीच्या हंगामात आर्मीचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते.

पहिल्या वर्षांत ते सतत हरत होते म्हणतात. मग नोकरी टिकली कशी?

पहिल्या हंगामात १७-१३, दुसऱ्यात १०-१७, तिसऱ्यात ११-१७. म्हणजे तीन वर्षांत ३८ विजय आणि ४७ पराभव. ११ मार्च १९८३ ला ड्यूकच्या गटाच्या, म्हणजे एसीसीच्या, स्पर्धेत व्हर्जिनियाने ड्यूकला १०९-६६ असे धुतले. विद्यापीठाला देणग्या देणारे माजी विद्यार्थी कोच बदला म्हणून मागे लागले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स ऐकेनात. १९८४ च्या जानेवारीत तर त्यांनी उलट कराराची मुदत वाढवून दिली.

बटर्स यांनी तक्त्यातल्या आकड्यांपलीकडे पाहिले. तिसऱ्या हंगामात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस, डेव्हिड हेंडरसन ही पहिल्या वर्षाची मुले होती. अशी मुले शरीराने आणि अनुभवाने कच्ची असतात, चौथ्या वर्षाच्या खेळाडूंसमोर रिबाउंडला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवताना, ढकलली जातात, शेवटच्या पाच मिनिटांत दमून फाऊल करतात. हीच मुले चौथ्या वर्षाला पोचली तेव्हा, १९८५-८६ ला, ड्यूकने ३७ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून ७२-६९ अशी हार झाली, पण संघ उभा राहिला होता. आजच्या हिशोबाने कोचला १९८३ लाच नारळ मिळाला असता. पुढची पाच विजेतेपदे त्या एका 'नाही'वर उभी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ती पाच विजेतेपदे कोणती?

राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची, कंसात अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी आणि गुण: १९९१ (कॅन्सस, ७२-६५), १९९२ (मिशिगन, ७१-५१), २००१ (अॅरिझोना, ८२-७२), २०१० (बटलर, ६१-५९) आणि २०१५ (विस्कॉन्सिन, ६८-६३). शेवटच्या चार संघांत, म्हणजे फायनल फोरमध्ये, ते १३ वेळा पोचले. पुरुषांच्या खेळात दुसऱ्या कुठल्याही कोचपेक्षा जास्त. यूसीएलएचे जॉन वुडन १२ वेळा पोचले होते. मात्र वुडन यांची विजेतेपदे १० आहेत, हेही सोबत सांगायला हवे.

कॉलेजचा हंगाम चालतो कसा?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो. नाताळपर्यंत बहुतेक सामने आपल्या गटाबाहेरच्या संघांशी. या सामन्यांचे वेळापत्रक कोच स्वतः जुळवतात, आणि दोन-तीन तगडे प्रतिस्पर्धी मुद्दाम घेतात. मार्चमध्ये निवड समिती कुणाला हरवले ते पाहतेच, शिवाय कुणाशी खेळायची तयारी दाखवली तेही पाहते. जानेवारी-फेब्रुवारी गटातले सामने. ड्यूकचा गट अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, आणि त्यात तेव्हा प्रत्येकी २० सामने होते. मार्चच्या सुरुवातीला गटाची बाद फेरीची स्पर्धा.

त्यानंतर एनसीएए स्पर्धा, म्हणजे सगळ्या देशाची कॉलेज अजिंक्यपद स्पर्धा. २०२२ मध्ये त्यात संघ ६८. त्यातले ३२ आपापल्या गटाचे विजेते म्हणून थेट आले आणि ३६ समितीने निवडले. एक हरला की घरी. मुख्य ६४ मध्ये असलेल्या संघाला विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात, तेही तीन आठवड्यांत, दर आठवड्याला वेगळ्या शहरात. एका सामन्यानंतर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायला मध्ये एकच दिवस मिळतो. त्यामुळे संघाची मूळ सवय पक्की असावी लागते, आयत्या वेळच्या क्लृप्त्या फार टिकत नाहीत.

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, पाहणाऱ्याला काय वेगळे दिसेल?

वेळ २० मिनिटांचे दोन अर्ध. शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) ३० सेकंदांचा, एनबीएत तो २४ चा. पाच फाऊलला खेळाडू बाहेर, तिकडे सहाला. थ्री-पॉइंटरची, म्हणजे तीन गुणांच्या शॉटची, रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर. एका अर्धात प्रतिस्पर्ध्याचे सात फाऊल झाले की 'वन-अँड-वन', म्हणजे पहिला फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) पडला तरच दुसरा मिळतो. दहाव्यापासून सरळ दोन. हा वन-अँड-वन सामने फिरवतो, कारण पहिला चुकला की दोन्ही गुण जातात आणि चेंडूही जाऊ शकतो.

त्या हंगामात संघात कोण कोण होते?

पाओलो बँकेरो, सहा फूट दहा इंच, सिअॅटलचा, पहिल्या वर्षाचा. सरासरी १७.२ गुण आणि ७.८ रिबाउंड. एवढ्या उंचीचा खेळाडू ड्रिबल करत स्वतः चेंडू वर आणतो आणि दोघे अंगावर आले की अचूक पास देतो, ही त्याची खरी किंमत. मार्क विल्यम्स, सात फुटी सेंटर, दुसऱ्या वर्षाचा, एसीसीचा त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. वेंडेल मूर ज्युनियर, तिसऱ्या वर्षाचा कर्णधार. त्याने दुसऱ्याच सामन्यात आर्मीविरुद्ध १९ गुण, १० रिबाउंड, १० असिस्ट (गुण होणारे पास) असा ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्हींत दोन आकडी कामगिरी, केला. ए. जे. ग्रिफिन, पहिल्या वर्षाचा, थ्री-पॉइंटर सुमारे ४५ टक्के. ट्रेव्हर कील्स, पहिल्या वर्षाचा धिप्पाड गार्ड. आणि जेरेमी रोच, दुसऱ्या वर्षाचा पॉइंट गार्ड, ज्याची किंमत मार्चमध्ये कळली.

जानेवारीत कील्सच्या पोटरीला दुखापत झाली आणि तो काही सामने बाहेर बसला. हंगामाच्या शेवटी रोच पहिल्या पाचात आला. चेंडू रोचकडे गेल्यावर मूर आणि बँकेरो कोपऱ्यातून आणि फ्री थ्रो रेषेच्या टोकापासून हल्ला करायला मोकळे झाले. मार्चमधल्या विजयांत या एका बदलाचा वाटा फार मोठा होता.

हंगाम कसा गेला?

सुरुवात ९ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केंटकीवर ७९-७१ विजयाने. कील्स २५, बँकेरो २२. २६ नोव्हेंबरला लास व्हेगासमध्ये पहिल्या क्रमांकाच्या गोन्झागावर ८४-८१. तिथे बँकेरोने पहिल्या अर्धातच २० गुण केले आणि दुसऱ्यात पायात गोळे आल्यामुळे एकच करू शकला. केंटकीविरुद्धही त्याला हाच त्रास झाला होता.

चारच दिवसांनी ओहायो स्टेटकडे ७१-६६ हार. सात गुणांची आघाडी होती आणि शेवटचे १२ गुण सगळे समोरच्यांचे. नंतर मायामीकडून ७६-७४, फ्लोरिडा स्टेटकडून जादा वेळेत ७९-७८, व्हर्जिनियाकडून ६९-६८. हे चार पराभव मिळून एकूण फरक नऊ गुणांचा. दर वेळी दुखणे एकच होते: शेवटच्या चार मिनिटांत बँकेरोला चेंडू द्यायचा की गार्डने स्वतः जायचे हे ठरेना, आणि शॉट क्लॉकच्या शेवटी घाईचा शॉट जायचा.

मधल्या काळात ५ फेब्रुवारीला चॅपल हिलमध्ये जाऊन नॉर्थ कॅरोलायनाला ८७-६७ असे हरवले. एसीसीत १६-४ आणि २०१० नंतर प्रथमच गटात अव्वल. गटाच्या स्पर्धेत ब्रुकलिनमध्ये सिराक्यूज आणि मायामीला हरवून अंतिम सामना गाठला, तिथे व्हर्जिनिया टेककडून ८२-६७ हार.

एनसीएएत दुसरे मानांकन. कॅल स्टेट फुलर्टन ७८-६१. मग मिशिगन स्टेट. पाच मिनिटे उरली असताना ७०-६५ असे मागे, तिथून २० विरुद्ध ६ गुण आणि निकाल ८५-७६. टेक्सास टेक ७८-७३, आर्कान्सा ७८-६९, आणि तेराव्यांदा फायनल फोर.

ड्यूकचा बचाव कसा असतो? खेळाडू फरशीवर तळवे का आपटतात?

मूळ शिस्त मॅन-टू-मॅन, म्हणजे एकाने एकाला धरायचे, आणि तीही अंगावर जाणारी. आपल्या शाळा-कॉलेजच्या संघांनाही वापरता येईल म्हणून सविस्तर लिहितो.

चेंडू असलेल्यावर एक जण हाताच्या अंतरावर, कंबर खाली, छाती त्याच्या चेंडूच्या हाताकडे. हेतू चेंडू हिसकावण्याचा नसतो. तो ज्या बाजूने सहज जातो ती बाजू बंद करायची असते. त्याच्यापासून एका पासच्या अंतरावर असलेल्याला पास मिळूच द्यायचा नाही: एक पाय आणि एक हात पासच्या वाटेत, तळवा चेंडूकडे, मान अशी वळवलेली की चेंडू आणि आपला माणूस दोन्ही दिसतील. दोन पास दूर असलेला बचावपटू आपला माणूस सोडून बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात एक पाय ठेवतो. कुणी आत घुसला तर मदतीला तोच धावणार. आणि पाचही जण सतत ओरडत असतात: 'स्क्रीन डावीकडे', 'मी आलो', 'बदल'. गप्प बचाव म्हणजे मोडलेला बचाव.

बिघडते कुठे? पासच्या वाटेत फार पुढे गेले की समोरचा मागून कट मारतो आणि सोपा लेअप मिळवतो. त्यावर उपाय म्हणजे तो वळला की हात सोडून आधी डोके वळवायचे. दुसरे, दमलेला खेळाडू कंबर वर करतो, मग पायाऐवजी हाताने अडवतो आणि फाऊल होतो. म्हणूनच असा बचाव करायला आलटून-पालटून खेळवता येतील असे किमान आठ खेळाडू लागतात. तिसरे, उंच सेंटर पिक-अँड-रोलमध्ये (साथीदाराने आडोसा देऊन बास्केटकडे वळण्याची चाल) बास्केटजवळ मागे थांबला तर मधल्या अंतरावर मोकळी जागा उरते. चपळ गार्ड तिथेच थांबून शॉट मारतो. एप्रिलमध्ये ड्यूकला हेच भोवले.

शशेफ्स्कींच्या संघांनी गरज पडली तेव्हा झोनही, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याचा बचाव, लावला. जानेवारी २०१५ मध्ये सलग दोन पराभव झाल्यावर लुईव्हिलमध्ये त्यांनी झोन लावून सामना जिंकला आणि त्या वर्षी विजेतेपदही मिळाले. २०२२ मध्ये टेक्सास टेकविरुद्ध ड्यूक झोनमध्ये खेळत होता. शेवटच्या मिनिटांत खेळाडूंनीच कोचना सांगितले, आम्हाला मॅन-टू-मॅन खेळू द्या. त्यांनी होकार दिला. मग पाचही जण खाली वाकले आणि दोन्ही तळवे फरशीवर आपटले. ड्यूकची ही जुनी रीत आहे: आता या एका वेळी गुण देणार नाही, असे एकमेकांना सांगण्याची. दुसऱ्या टोकाला त्याच वेळी ड्यूकचे शेवटचे आठही शॉट बास्केटमध्ये गेले.

त्यांची शिकवण्याची पद्धत काय होती?

नियम थोडे. लष्करात वाढलेला माणूस नियमांची यादी देईल असे वाटते, त्यांनी उलट केले. सांगायची गोष्ट मुठीची: पाच बोटे म्हणजे संवाद, विश्वास, सामूहिक जबाबदारी, एकमेकांची काळजी आणि अभिमान. सुटी बोटे मारली तर मोडतात, मूठ मोडत नाही. संघ मैदानात गोल करून मुठी एकत्र आणतो तो यासाठी. दुसरे सूत्र 'नेक्स्ट प्ले'. शॉट पडला काय, चुकला काय, डोक्यातून काढायचा आणि पुढच्या चेंडूकडे पाहायचे. सराव करून घेताना त्याचा अर्थ अगदी रोखठोक असतो: चेंडू गमावला की पंचाकडे हात पसरून उभे राहायचे नाही, पहिली तीन पावले मागे धावत जायची.

५ मार्च २०२२ ला घरच्या मैदानावर काय झाले?

कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममधला त्यांचा शेवटचा सामना, समोर नॉर्थ कॅरोलायना. नव्वदहून अधिक माजी खेळाडू आले होते. निकाल ९४-८१, ड्यूकची हार. नॉर्थ कॅरोलायनाच्या चार जणांनी वीस किंवा त्याहून अधिक गुण केले: बेकॉट २३, लव्ह २२, आर. जे. डेव्हिस २१, मॅनेक २०. त्यांचे कोच ह्यूबर्ट डेव्हिस यांचे ते पहिलेच वर्ष.

निरोपाचा समारंभ सामन्यानंतर आधीच ठरला होता, तो पराभवानंतरही झाला. कोचनी माइक हातात घेऊन आधी प्रेक्षकांची माफी मागितली आणि आजचा खेळ मान्य होण्यासारखा नव्हता असे सांगितले. निवृत्ती एक वर्ष आधी, २ जून २०२१ ला, जाहीर करण्याचा तोटा इथे दिसला. वारसदार ठरल्यामुळे नवे खेळाडू निश्चिंतपणे आले हे खरे, पण प्रत्येक सामना निरोपाचा झाला आणि ते ओझे एकोणीस वर्षांच्या मुलांच्या पायांवर आले. दुसऱ्या अर्धात त्यांचे शॉट आखूड पडत होते. पाय जड झाले की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागतो.

आणि शेवटचा सामना?

२ एप्रिल २०२२, न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, फायनल फोर. समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. दोन्ही विद्यापीठांत रस्त्याने जेमतेम सोळा किलोमीटर अंतर, शंभर वर्षांचे वैर, आणि एनसीएए स्पर्धेत मात्र ही पहिलीच गाठ. मध्यंतराला ड्यूक ३७-३४ पुढे.

शेवटचे दीड मिनिट जवळून पाहण्यासारखे आहे. मूरने थ्री-पॉइंटर मारून ७४-७३ केले. आर. जे. डेव्हिसने दोन फ्री थ्रो घालून नॉर्थ कॅरोलायनाला ७५-७४ वर नेले. ४६.७ सेकंद उरले असताना मार्क विल्यम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. रेषा १५ फुटांवर, रिंग १० फूट उंच, समोर कुणी नाही. त्या हंगामात तो शंभरात सत्तरहून अधिक फ्री थ्रो घालत होता. दोन्ही चुकले. पुढच्या चेंडूला केलेब लव्हने विल्यम्सचा लांब हात समोर असताना थ्री-पॉइंटर मारला, ७८-७४, घड्याळात सुमारे २५ सेकंद. निकाल ८१-७७. लव्ह २८, बँकेरो २०, कील्स १९. बेकॉटचे २१ रिबाउंड.

विल्यम्सला दोष देणारे बरेच भेटतात. आम्हाला ते पटत नाही. ड्यूकने संपूर्ण सामन्यात २० पैकी १२ फ्री थ्रो घातले आणि २२ पैकी ५ थ्री-पॉइंटर. आठ फ्री थ्रो चुकले त्यात विल्यम्सचे शेवटचे दोन. एवढ्या हुकांनंतर सामना एका गुणावर होता हेच नवल.

दोन दिवसांनी नॉर्थ कॅरोलायना अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ७२-६९ अशी हरली.

त्या सामन्याचा गुढीपाडव्याशी काय संबंध?

तारखेचा. २०२२ चा पाडवा २ एप्रिललाच होता. डरहॅमजवळच्या केरी आणि मॉरिसव्हिल या गावांत पुष्कळ भारतीय कुटुंबे आहेत, त्यात मराठी घरेही आहेत. तिथे सकाळी गुढी आणि रात्री हा सामना असा तो दिवस होता. भारतात तेव्हा रविवारची पहाट झाली होती. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवले की आपली वेळ येते. नोव्हेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत साडेदहा तास मिळवायचे. रात्री नऊचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसातला लागतो.

कोच के यांच्या नावावरचे १२०२ विजय कसे मोजले? एक हंगाम वगळला आहे का?

आर्मीचे ७३ आणि ड्यूकचे ११२९, एकूण १२०२. पराभव ५९ आणि ३०९, एकूण ३६८. वादाचा हंगाम १९९४-९५. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ते लवकर परतले, दुखणे वाढले आणि १२ सामन्यांनंतर थांबावे लागले. तोवर ९-३. उरलेले सामने सहायक पीट गॉडेट यांनी सांभाळले, ४-१५. ते १५ पराभव गॉडेट यांच्या नावावर लागले. हिशोबाच्या नियमात हे बसते, पण संघ त्या वर्षी १३-१८ होता आणि तो कुणी बांधला होता हे उघड आहे. गॉडेट यांच्या वाट्याला फक्त आकडे आले. आकडेवारी सांगताना हेही सांगावे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे कोचही तेच होते का?

हो. २००८, २०१२ आणि २०१६ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके, तसेच २०१० आणि २०१४ ची जागतिक अजिंक्यपदे त्यांच्या काळातली.

तंबूंचे प्रकरण काय आहे?

पदवीच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सामना फुकट असतो, पण स्टेडियमची एकूण क्षमताच ९,३१४. त्यामुळे रांग. १९८६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या सामन्यासाठी रांगेतच तंबू ठोकले आणि प्रथा पडली. आता दर हिवाळ्यात स्टेडियमसमोरची ती, कोचच्या आडनावाची, हिरवळ भरते. एका तंबूत जास्तीत जास्त १२ नावे. सर्वांत आधी येणाऱ्या 'काळ्या' तंबूंचे नियम कडक: दिवसा दोघे, रात्री दहा जण हजर. नंतरच्या 'निळ्या' आणि 'पांढऱ्या' तंबूंना सवलत वाढत जाते.

विद्यार्थ्यांमधलेच लाइन मॉनिटर कधीही, रात्री तीनलासुद्धा, भोंगा वाजवून हजेरी घेतात. ठरलेली माणसे नसली की हजेरी चुकली. दुसऱ्यांदा चुकली की तंबू रांगेच्या शेवटी. थंडी फार वाढली किंवा वादळ आले तर सूट जाहीर करून घरी पाठवतात. तंबू बाद होण्याचे नेहमीचे कारण थंडी नसते. परीक्षेच्या आठवड्यात पाळ्यांचा तक्ता कोलमडतो. म्हणून शहाणे गट बारापैकी दोघांना फक्त तक्ता सांभाळायचे काम देतात.

पाहुण्याला कॅमेरॉनमध्ये सामना पाहता येईल का?

पुरुषांच्या मोठ्या सामन्याचे तिकीट हंगामी तिकीटधारकांकडेच असते, पुनर्विक्रीत किंमत अफाट चढते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लहान कॉलेजविरुद्धचे सामने गाठा, किंवा महिला संघाचा सामना पाहा. इमारत तीच, १९४० ची, लाकडी बाकांची, आणि आवाज छताला लागून खाली येतो. खालच्या बाकांवर विद्यार्थी पूर्ण वेळ उभे असतात. पाहुण्या संघाचा खेळाडू रेषेवरून चेंडू आत टाकतो तेव्हा त्यांची बोटे त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हलत असतात.

इतके चांगले खेळाडू एका वर्षात निघून का जातात?

एनबीएच्या निवडीसाठी वय १९ आणि शाळा संपून एक वर्ष व्हावे लागते. ते एक वर्ष कॉलेजात काढायचे आणि पुढे जायचे. २०२२ च्या निवडीत ड्यूकचे पाच जण गेले: बँकेरो पहिल्याच क्रमांकावर ऑरलँडोकडे, विल्यम्स १५, ग्रिफिन १६, मूर २६ आणि कील्स ४२ व्या क्रमांकावर. १९८६ च्या संघाला जी चार वर्षे मिळाली ती आता क्वचितच कुणाला मिळतात. कोचला जून ते नोव्हेंबर एवढ्यातच संघ उभा करावा लागतो.

आता कोच कोण?

जॉन शायर, २०१० च्या विजेत्या संघातले गार्ड आणि नंतर सहायक. शेवटच्या हंगामात जानेवारीत आजारपणामुळे कोच के वेक फॉरेस्टला गेले नाहीत तेव्हा संघ त्यांनीच सांभाळला. फेब्रुवारीत त्याच संघाविरुद्ध मध्यंतरानंतर कोचना बरे वाटेना, तेव्हाही. पहिल्या दोन हंगामांत शायर यांचे २७-९ आणि २७-९. २०२४-२५ ला ३५-४ आणि फायनल फोर, तिथे ह्यूस्टनकडून ७०-६७ हार.

जुने सामने पाहायचे तर कोणते, आणि त्यात काय पाहायचे?

१९९१ चा यूएनएलव्हीविरुद्धचा उपांत्य सामना, ७९-७७. वर्षभरापूर्वी याच संघाने अंतिम सामन्यात १०३-७३ असे हरवले होते. दोन्ही सामने लागोपाठ पाहा आणि दुसऱ्यात ड्यूकचे गार्ड दबावाखाली चेंडू कसा मधोमध न नेता कडेने पुढे नेतात ते बघा.

२८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया, केंटकीवर जादा वेळेत १०४-१०३. शेवटच्या २.१ सेकंदांत ग्रँट हिलने जवळजवळ सगळे कोर्ट ओलांडणारा पास टाकला. केंटकीने पास टाकणाऱ्यासमोर कुणी उभेच केले नव्हते, त्यामुळे हिलला पूर्ण खांदा फिरवता आला. ख्रिश्चन लेटनरने चेंडू झेलला, एक ड्रिबल घेतला, वळला आणि मारला. त्या दिवशी त्याचे मैदानातले दहाही शॉट आणि दहाही फ्री थ्रो पडले होते. तो एक ड्रिबल नीट पाहा. २.१ सेकंदांत तो घ्यायला वेळ आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने तोल सावरला तो त्याच एका ड्रिबलमध्ये.

२०२२ मधला एकच पाहायचा असेल तर टेक्सास टेकचा. शेवटची सहा मिनिटे, आवाज मोठा करून. फरशीवर तळवे पडल्याचा आवाज समालोचनातूनही ऐकू येतो.